बेहेरे सरांची सरासरी

"आज काय आलं?" बेहेरे सरांनी दारातूनच विचारलं.

"शून्य," मी म्हणाले.

"बरं." त्यांनी चपला काढल्या, कोपऱ्यातल्या प्रयोगशाळेच्या स्लीपर पायात सरकवल्या आणि थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. "शून्य वाईट नसतं, यामिनी. शून्य म्हणजे निदान कुठे चूक तरी नाही."

हे बोलणं आमच्यात इतक्या वेळा झालं होतं की त्यातलं दुःखसुद्धा झिजून गेलं होतं. पण माझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती आणि नुसत्या शून्यावर प्रबंध लिहिता येत नाही. सांगलीहून आई दर रविवारी फोनवर विचारायची, "झालं का गं तुझं ते?" मी म्हणायचे, "होत आलंय." शेवटी तिनं विचारणंच सोडलं, आणि ते मला जास्त लागलं.

आमची प्रयोगशाळा पुण्यातल्या एका टेकडीवरच्या संस्थेच्या तळघरात होती. पूर्वी तिथे बरीच मंडळी असत म्हणे. माझ्या वेळेपर्यंत एकेक जण जर्मनी, जपान करत पांगला होता आणि त्यांच्या खुर्च्यांवर रिकामी खोकी चढली होती. उरलो होतो सर, मी आणि खोलीच्या मधोमध बसलेला तो मोठा चुंबक. पंपाच्या घरघरीखेरीज दिवसभर आवाज नसे. कधी कधी मी भूक नसतानाही कँटीनच्या रांगेत जाऊन उभी राहायचे, कुणीतरी मागून "पुढे सरका" एवढं तरी म्हणावं म्हणून.

काम काय होतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एक काळा चकचकीत स्फटिक होता. तो चिकटपट्टीनं सोलत सोलत जायचं, की शेवटी मोजक्या थरांचा एक पापुद्रा हाती लागायचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्यातला प्रत्येक थर चुंबक. पण एका थराचं तोंड वर, तर त्याच्या शेजारच्याचं खाली, त्यामुळे सगळ्यांची बेरीज शून्य. आत एवढं चुंबकत्व आहे याचा बाहेर कुणाला पत्ता लागायचा नाही. अशा पापुद्र्यातून सरळ सोडलेली वीज किंचित बाजूला सरकेल आणि त्याच्या कडांवर इवलंसं व्होल्टेज उमटेल, असं सिद्धान्त सांगत होता. ते पकडायचं होतं.

मी नवीन असताना सरांनी मला फळ्यापाशी उभं केलं होतं. "का सरकेल? सांग."

"इलेक्ट्रॉनच्या जगाच्या वक्रतेमुळे," मी पुस्तकातलं उत्तर दिलं.

"ती या स्फटिकात उरतच नाही. वरच्या आणि खालच्या थरांची मिळून खोडली जाते. मग उरतं काय? अंतर." त्यांनी फळ्यावर दोन ठिपके काढले, अगदी चिकटून. "या इलेक्ट्रॉनच्या दोन अवस्था. नकाशावर शेजारी शेजारी. पण एकीतून दुसरीत जाताना इलेक्ट्रॉन आतून किती बदलतो? खूप बदलत असेल, तर शेजारी असूनही त्या एकमेकींपासून लांब आहेत. ही त्या जगाची भूमिती. आणि त्या अंतराचा धक्का विजेला बाजूनं बसतो."

मोजायची पद्धतही सरांचीच. मोजायचं ते चुंबकीय क्षेत्र शून्यावर आणून. पण शून्यावर दोन वाटांनी येता येतं, वरून उतरत किंवा खालून चढत. मोठा चुंबक बंद केला तरी त्याच्यात थोडं क्षेत्र मुरून राहतं, आणि तुम्ही कुठल्या वाटेनं आलात त्यावर त्याची दिशा ठरते. म्हणून एकदा वरून या, एकदा खालून या, आणि दोन्ही मापांची सरासरी काढा. मुरलेल्या क्षेत्राची चूक आपोआप कटते. नियम खराच होता, आणि त्याच्या जोरावर सरांनी आयुष्यभर चोख काम केलं होतं. संगणकातला प्रोग्रॅमही त्यांनीच लिहिलेला. तो दोन्ही मापं घ्यायचा आणि पडद्यावर फक्त सरासरी दाखवायचा.

सरांचा हा नियम चुंबकापुरता नव्हता. भांडण घेऊन कुणीही आलं की ते दोघांचं शांतपणे ऐकून घेत आणि बरोबर मधोमध निकाल देत. "बेहेऱ्यांकडे न्याय मागायला जाऊ नका, अर्धा मिळेल," असं संस्थेत म्हणत. इतका सज्जन माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्यावर चिडले तितकी कुणावर चिडलेही नसेन.

"उद्या मी उशिरा येईन," त्या दिवशी कप विसळताना सर म्हणाले. "वसू येतेय नागपूरहून."

वसुधाकाकू म्हणजे त्यांची बायको. त्या नागपूरला कॉलेजात भूगोल शिकवत होत्या, निवृत्त झाल्या, तरी तिथेच राहत होत्या, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पुढचं कुणी विचारत नसे.

"राहणार आहेत?"

"सामान न्यायला येतेय. मुलीकडे चाललीये, मेलबर्नला. कायमची." त्यांनी कप उपडा घातला, पुन्हा सुलटा केला. "म्हणजे तिनं मला विचारलंय, जाऊ का म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगायचंय अजून. दोन्ही बाजू आहेत गं त्याला. मुलीला गरज आहे तिची. आणि इकडे..."

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना आणायला स्टेशनवर जायच्या आधी सर प्रयोगशाळेत डोकावले, यंत्र चालू करून गेले, आणि हेलियमची पातळी बघायला विसरले. सर, पातळी, विसरले हे तीन शब्द एका वाक्यात येऊ शकतात हे मला त्या दिवशी कळलं. हे सगळं मोजमाप भयंकर थंडीत चालतं आणि ती थंडी द्रव हेलियमची असते. वरून उतरतानाचं माप पुरं झालं, आणि खालून चढायच्या आधीच हेलियम संपलं. तापमान चढलं. प्रोग्रॅम थांबला आणि पडदा कोराच राहिला, कारण एकाच मापाची सरासरी तो काढणार कुठून?

हाती काही लागतंय का बघावं म्हणून मी अर्धवट राहिलेलं कच्चं माप उघडलं. तसं ते आजवर कुणी उघडलं नव्हतं, गरजच पडली नव्हती. त्यात शून्य नव्हतं. कडेचं व्होल्टेज होतं, अगदी इवलंसं, पण वीज दुप्पट केली की ते चौपट होत होतं. सिद्धान्तात तसंच लिहिलेलं होतं.

मी सरांना फोन लावला. "सर, आलंय."

"किती?"

"अगदी थोडं. पण शून्य नाही."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. "दोन्हीकडून?"

"एकाच बाजूनं. हेलियम संपलं."

"मग ते मुरलेलं क्षेत्र असणार. अर्धं माप म्हणजे माप नव्हे," सर म्हणाले. मग थोड्या वेळानं, "छापून घे आणि घरी ये."

संस्थेच्या आवारातच त्यांचं घर होतं. दार काकूंनी उघडलं. उंच, केस आखूड कापलेले, हातात वर्तमानपत्राचा बोळा. "तू यामिनी ना? ये. पाय सांभाळून टाक, खोकी ठेवून राहिले मी सगळीकडे."

सर जेवणाच्या टेबलाशी बसून माझा कागद उन्हात धरून बघत राहिले. "उद्या हेलियम आलं की दुसरी बाजू घे. मग सरासरी काढ."

"सर, सरासरी काढली की शून्यच येणार. रोज येतंय."

"म्हणजे ते शून्यच आहे."

"किंवा दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि एकमेकींच्या विरुद्ध आहेत."

खाली बसून पितळी डबा कागदात गुंडाळणाऱ्या काकू मोठ्यानं हसल्या.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. चालू द्या तुमचं."

सर हेलियमसाठी फोन करायला आतल्या खोलीत गेले. मी खाली बसून काकूंना डबे गुंडाळायला मदत करू लागले.

"एवढं काय मोजून राहिली तू?" त्यांनी विचारलं.

"अंतर, काकू. शेजारी शेजारी असलेल्या दोन अवस्थांमधलं. बाहेरून काहीच दिसत नाही, सगळी बेरीज शून्य. पण आत असतं."

"ते मला नको सांगू." त्यांनी दोरीला गाठ मारली. "लोक म्हणतात, अंतर देऊ नको. तुझे सर ते मोजतात."

मग कुणी न विचारताच त्यांनी सांगितलं. "सासूबाईंना स्वयंपाकात कांदा-लसूण चालायचा नाही. मी नागपूरची, मला त्याशिवाय घास उतरायचा नाही. एक दिवस दोघींची जुंपली. हे घरी आले, खुर्ची ओढून बसले, त्यांचं ऐकलं, माझं ऐकलं, मध्ये एक शब्द नाही बोलले. आणि निकाल काय दिला? कांदा चालेल, लसूण नको."

मला हसू आवरेना.

"हस, हस. दोघीही जेवलो नाही त्या दिवशी. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना? आमच्याकडे पाहुणा पोटभर जेवला, घरंच उपाशी राहिली." त्यांचंही हसू थोडा वेळ टिकलं आणि मग गेलं. "लसणाचं काय गं. पण मग सगळंच तसं होत गेलं. नागपूरची नोकरी आली तेव्हा वाटलं, एकदा तरी म्हणतील, जाऊ नको. नाहीतर म्हणतील, जा खुशाल. तर म्हणाले, तुझंही बरोबर आहे, आईचंही बरोबर आहे. सासूबाई जाऊनही आता किती वर्षं झाली. अजून दोघींचं बरोबरच आहे."

"आणि आता तुम्ही विचारलंत, मेलबर्नला जाऊ का?"

"उद्या दुपारी गाडी बोलावलीये. तोवर सांगतील बहुतेक." त्या उठल्या. "नाही सांगितलं तर तेही सांगितल्यासारखंच."

सर बाहेर आले. "सकाळी येतंय हेलियम," ते आमच्या दोघींच्या मधल्या जागेकडे बघून म्हणाले.

सकाळी सरांनी पातळी तीनदा तपासली. मी प्रोग्रॅममधली सरासरीची ओळ काढून टाकली, त्यांच्या देखत. घराचा खांब कुणी काढावा तसे ते बघत राहिले. आधी वरून उतरलो, मग खालून चढलो. पडद्यावर दोन रेषा आल्या. एक वर वळत गेली, दुसरी तितकीच खाली.

"मुरलेलं क्षेत्र," सर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. मग स्वतःच म्हणाले, "तापव."

ते त्यांचंच शहाणपण, माझं नाही. मुरलेलं क्षेत्र मोठ्या चुंबकात असतं, पापुद्र्यात नव्हे. पापुद्रा तापवून त्याच्या थरांचं वर-खाली मोडून टाकलं, तरी चुंबकात मुरलेलं कुठेही जात नाही. रेषा खोट्या असतील तर टिकतील, खऱ्या असतील तर जातील. मी तापमान वाढवत गेले. ठरलेल्या तापमानाला दोन्ही रेषा सपाट होऊन शून्यावर एक झाल्या. पुन्हा थंड करून, पुन्हा वरून आणि खालून आलो. पुन्हा दोन.

मला त्या तळघरात नाचावंसं वाटत होतं. नाचायला बरोबर कुणीही नव्हतं. सर खुर्चीत बसले होते आणि त्यांचा चेहरा काहीतरी हरवल्यासारखा झाला होता.

"रोज होतं म्हणजे हे," ते म्हणाले.

"रोज होतं."

"दोन्ही खऱ्या आहेत ना?"

"तुम्हीच सांगा, सर."

त्यांनी चष्मा काढला. "एका वेळी एकच खरी असते, यामिनी. पापुद्रा एका वेळी एकाच अवस्थेत असतो. वरून आलं तर थर वर-खाली, खालून आलं तर खाली-वर. या, नाहीतर त्या. मी जी सरासरी काढत होतो ना, त्या अवस्थेत तो कधीच नव्हता. तशी अवस्थाच नाही."

ते उठले आणि चालू लागले. तळघराच्या पायऱ्या चढून, बाहेर उन्हात. प्रयोगशाळेच्या स्लीपर पायातच. या स्लीपर घालून कुणी उंबऱ्याबाहेर गेलं तर तासभर बोलणी देणारा माणूस. मी त्यांच्या चपला उचलल्या आणि मागे धावले.

घरापुढे गाडी उभी होती. चालक खोकी चढवत होता. काकू पायरीवर उभ्या होत्या, खांद्याला पर्स, हातात पाण्याची बाटली.

"अहो, हे काय घालून आलात?"

सरांनी पायांकडे पाहिलं. मग काकूंकडे. "वसू, मुलीला तिकडे तुझी..."

काकूंनी मान हलवली, त्यांना हे पाठ होतं, आणि त्या पायरी उतरल्या.

"राहा," सर म्हणाले.

"काय?"

"जाऊ नको. राहा इथे."

चालकानं डिकी लावली. काकू जिथल्या तिथे थांबल्या. "आणि मुलीचं?" त्यांनी हळूच विचारलं. विचारताना त्या सरांच्या तोंडाकडे अशा बघत होत्या की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

"तिचं मला माहीत नाही. मी माझं सांगितलं." सरांचा आवाज चिरकला. "लसणाचंही तुझंच बरोबर होतं. आईचं चूक होतं."

काकूंनी पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं, रुमाल घडी करून परत ठेवला. या सगळ्याला फार वेळ लागला. मला वाटलं, आता त्या चालकाला खोकी उतरवायला सांगणार. मला इतकी खात्री वाटली की मी चपला खाली ठेवून खोक्यांकडे जायला निघाले.

"एवढंच ऐकायचं होतं हो," त्या म्हणाल्या. "तेव्हा."

आणि त्या गाडीत बसल्या. काच खाली केली. "ओट्याखालच्या टोपलीत लसूण ठेवलाय. घालत जा भाजीत."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी सर उभेच होते. मी त्यांच्यापुढे चपला ठेवल्या. त्यांनी त्या घातल्या, स्लीपर हातात घेतल्या, आणि आम्ही तळघरात परत आलो. त्यांनी पातळी पाहिली. मग म्हणाले, "आलेखात दोन्ही रेषा वेगळ्या दाखव. दोन रंगांत."

माझा प्रबंध झाला. आज दुसऱ्या शहरात माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे, तळघरात नाही, खिडकी आहे. विद्यार्थी सरासरी घेऊन आले की मी आधी दोन्ही बाजू मागते, आणि त्यांना वाटतं बाई उगाच छळतात.

सर निवृत्त झाले, टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांत राहतात. मागच्या महिन्यात मी पुण्याला गेले तेव्हा त्यांच्याकडे जेवले. ओट्याशेजारी एकच ताट आणि एकच वाटी पालथी होती, माझ्यासाठी त्यांनी शेजारून ताट मागून आणलं. लसणाची चटणी त्यांनी स्वतः कुटली होती. इतकी झणझणीत, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काकूंचा फोन येतो?"

"रविवारी. आधी मुलीमार्फत निरोप यायचे. आता ती मलाच करते."

"काय म्हणतात?"

"चटणीत मीठ कमी घाला म्हणते." त्यांनी माझ्या ताटात आणखी थोडी वाढली. "परवा मी पुन्हा विचारलं, येतेस का. म्हणाली, बघते."

बघते म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी मी विचारलं, "मग सर, काही आशा?"

त्यांनी खलबत्ता विसळून पालथा घातला आणि हात पुसले.

"अगदी थोडी," ते म्हणाले. "पण शून्य नाही."